तिरपा उजेड

रेवारामजींनी काडेपेटी उघडली.
कापसात निजलेल्या किड्यासारखं
एक काळपट नाणं, करंगळीच्या नखाएवढं.
“याचा फोटो पायजे. हत्ती दिसला पायजे.”
मी झेरॉक्सवाला. पासपोर्टचे आठ, चाळीस रुपये,
मागे निळा पडदा, मान सरळ, कान दोन्ही.
हत्तीचे कान मी कधी मोजले नव्हते.

पहिला फोटो फ्लॅश मारून:
चुन्याचा पांढरा थेंब, बाकी काही नाही.
दुसरा दुपारी, दारातल्या उन्हात:
हत्तीवर माझ्याच मोबाईलची सावली.
तिसऱ्याआधी मी म्हटलं, चिंचेनं घासून घेऊ?
रेवारामजींनी काडेपेटी मिटली.
चाळीस वर्षं डाक वाटलेला माणूस,
रागावत नाही, सायकल काढतो.

दुसऱ्या दिवशी आले.
“काळं राहू दे. ते त्याचं कातडं हाय.”

मग मी शिकलो.
जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उलटी करून
मोबाईलपुढे सायकलच्या ट्यूबनं बांधली.
खाली मतदार याद्यांचे गठ्ठे,
नाणं भिंगाला समांतर यावं म्हणून
एका कडेखाली एसटीचं तिकीट, दोनदा दुमडलेलं.
टॉर्चच्या तोंडाला बटर पेपर.
बटण बोटानं दाबायचं नाही,
दहा सेकंदांचा टायमर लावायचा, श्वास धरायचा.
श्वास कशाला, ते आजही माहीत नाही,
पण धरतो.

सोंड साफ आली की पाय धुक्यात.
पाय आले की सोंड गेली.
एवढ्याशा जिनसेत एवढी खोली!
म्हणून नऊ फोटो, केसभर सरकत सरकत,
नऊ एकावर एक रचून एक हत्ती.

पण टिप्पर.
वैनगंगेच्या घाटावरून रेती भरून
रात्रभर जातात नागपूरकडे.
प्रत्येकाबरोबर टेबल थरथरतं, याद्या थरथरतात,
याद्यांवरचा हत्तीही.
टिप्पर गेला की चाळीसपर्यंत मोजायचं.
रेवारामजी मोजायचे, मोठ्यानं,
मनिऑर्डरच्या नोटा मोजल्यासारखे.
नाणं त्याच रेतीतलं.
यावर आम्ही काही बोललो नाही.

रेतीतून ते काढलं होतं भागरताबाईनं.
सोनझारीण, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तिला बोलावलं, पडदाभर हत्ती दाखवला.
नाक काचेला टेकेपर्यंत ती वाकली.
“गड्ड्यात पडला ना बाप्पा!”
कोण?
“हत्ती. मी काढला तवा वर होता.”
हात पुढे केला. नाणं ठेवलं तळव्यावर.
डोळे मिटून अंगठा फिरवला, एकदाच.
“हे पाय. पोट बोटाले लागते.”

मी पाहिलं, आणि खरंच:
पडद्यावर हत्ती नव्हताच, हत्तीचा खळगा होता,
ओल्या गाळात कुणी निजून उठून गेल्यासारखा.
टॉर्च मी नाण्याच्या पायथ्याशी ठेवलेला.
उजेड खालून,
आणि डोळ्याला तर जन्मापासून सवय
सूर्य वर असण्याची.

नाणं पुन्हा भिंगाखाली. टॉर्च उचलला,
डोक्याकडे ठेवला, घड्याळात दहा असतात तिथं,
इतका आडवा
की उजेडानं धातूवरून सरपटतच यावं.
आधी पाठ वर आली. मग कान, एकच, फाटका.
मग सगळा हत्ती गड्ड्यातून बाहेर.
“पाहा,” मी म्हटलं.
भागरताबाई पडद्याकडे बघत नव्हती.
तिचा अंगठा अजून फिरत होता,
रिकाम्या बोटांवर.

आठ फोटो झाले. नवव्याला टिप्पर आला.
त्या फोटोत हत्तीला पाय आठ, पाठी दोन,
काठ सोडून कुठंतरी निघालेला.
मी पुसायला गेलो, तर रेवारामजी म्हणाले,
“राहू दे हा. छाप.”

आठ प्रती काढल्या,
पासपोर्टच्या मापाच्या.